साके आणि मोहाची दारू
जपानांत तांदळाच्या साकेला गांवोगांवच्या पाण्याची चव असते. नादा येथील पाणी जड म्हणून तेथील साके कडक, फुशिमीचें हलकें म्हणून मृदु. अंबरनाथ-बदलापूरच्या डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांनाहि मोहाच्या फुलांची अशीच घरगुती दारू ठाऊक होती. परंतु १८७८ च्या अबकारी कायद्यानें ती गाळण्याचा हक्क मक्तेदाराकडे गेला. १८९२ च्या मोह कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलें बाळगण्यावरहि निर्बंध आला. जपाननेंहि १८९९ मध्यें घरगुती साके बंद केलें. तथापि तेथें प्रांतोप्रांतींचे परवानेदार कारखाने उरले आणि चव टिकली. व्यसनाची तरफदारी आम्ही करीत नाहीं. पण तिजोरीसाठीं डोंगरांतल्या माणसाची चव गुन्हा ठरली, हें इतिहासानें विसरूं नये.