शकुंतला-पत्रलेखन (शिलामुद्रित चित्र)

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या तैलचित्रावरून रविवर्मा प्रेसने काढलेले रंगीत शिलामुद्रित चित्र. प्रसंग ‘अभिज्ञानशाकुंतल’च्या तिसऱ्या अंकातला. शकुंतला गवतावर पालथी पहुडून कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहिते आहे. शेजारी दोघी सख्या. पत्र ज्याला जायचे तो चित्रात नाही. नाटकात तो वेलींआडून सारे ऐकत असतो; इथे त्याची जागा पाहणाऱ्याला मिळते. चित्रातला एकांत उभा राहतो तो या चोरट्या नजरेमुळे, आणि ही नजर कोणाची हे चित्र कोणाच्या भिंतीवर आहे त्यावर ठरते. चित्रातली जागा बागच वाटते. हे तपोवन, बाग कसली, असे कोणी म्हणेल. पण पहिल्या अंकात शकुंतला घड्याने झाडांना पाणी घालते, नवमालिकेच्या वेलीला तिने ‘वनज्योत्स्ना’ असे लाडके नाव दिलेले आहे. राखलेल्या, जोपासलेल्या जागेला बाग म्हणायला हरकत नसावी.

मूळ चित्र १८७६ मध्ये मद्रासच्या कलाप्रदर्शनात आले आणि गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी घेतले. सामान्य घरात असे चित्र लागण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, हा सल्ला रविवर्म्यांना दिला तो कुंभकोणमला जन्मलेल्या, त्रावणकोर आणि बडोद्याची दिवाणगिरी केलेल्या तंजावरी मराठी सर टी. माधवरावांनी. प्रत्यक्ष छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. अंगकांती बारीक ठिपक्यांनी साधत, वरून वार्निश देत.

कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांना रविवर्म्यांची कला नाटकी वाटली. नाटकातल्या प्रवेशाबाबत हा दोष कितपत लागू पडतो? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छापील प्रत म्हणजे अस्सलाची स्वस्त नक्कल. ठिपक्यांत मूळ रंगांची खोली हरवते, हे खरेच. पण तमिळ मुलखात, विशेषतः चेट्टिनाडच्या घरांत, या प्रेसच्या चित्रांतल्या स्त्रियांना खऱ्या कापडाची वस्त्रे, जर, टिकल्या चिकटवून नटवीत. गव्हर्नरच्या तैलचित्राला असा हात कोण लावणार होते? वेलींआडची ती जागा आता घरच्या माणसांची झाली होती, आणि त्यांनी आपल्या हाताने शकुंतलेच्या अंगावर वस्त्र घातले.