घाट, चाक आणि पाणी : नाशिकच्या दमश्वासाच्या खेळांचा इतिहास

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार एकामागोमाग एक, एकाच घड्याळावर पूर्ण करण्याची शर्यत. तिच्या अर्ध-अंतराच्या प्रकारात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धाव असा ११३ किलोमीटरचा पल्ला असतो, आणि ही बेरीज मैलांत ७०.३ भरत असल्याने त्या आकड्यावरूनही हा प्रकार ओळखला जातो. १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे एका धावपटू मंडळाने सरावातील वेगळेपणा म्हणून भरविलेली शर्यत आणि १९७८ साली हवाई बेटांवर पंधरा स्पर्धकांनी सुरू केलेली, बारा जणांनी पुरी केलेली पूर्ण अंतराची ‘आयर्नमॅन’ हे या खेळाचे आरंभबिंदू मानले जातात. नाशिकमध्ये हा खेळ अलीकडे पोहोचला. तथापि ज्या तीन अंगांनी तो बनतो त्यांपैकी प्रत्येकाला या जिल्ह्यात स्वतंत्र आणि बराच जुना इतिहास आहे. हे तिन्ही इतिहास वेगवेगळ्या समाजघटकांच्या हाती राहिले, आणि ते एकमेकांना फार उशिरा व फार थोड्या ठिकाणी भेटले, ही नाशिकच्या क्रीडाजीवनातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी लक्षात घेतली गेलेली गोष्ट आहे.

यांपैकी सर्वांत जुना इतिहास पायी चालण्याचा आहे. नाशिक हे कोकणातील बंदरांकडून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटेवरचे ठाणे असल्यामुळे येथील अंतरे पूर्वापार पायांनीच मोजली गेली. त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे पांडवलेण्यातील, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात सोपारा, भडोच, दशपूर आणि गोवर्धन येथे बांधलेल्या धर्मशाळांचा आणि दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर विनामूल्य चालविलेल्या नावांचा उल्लेख आहे. त्यावरून या वाटेवरच्या प्रवाशाला उतारा आणि नदीपार होण्याची सोय या दोन गोष्टींची किती निकड होती हे कळते. पुढे हीच चाल धर्माचाराच्या रूपाने टिकली. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घातली जाते. तिची लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची आणि मोठी त्याच्या दुपटीच्या आसपास असून ती पावसात, निसरड्या वाटेने, पुष्कळ जण अनवाणी पुरी करतात. चैत्रोत्सवासाठी खानदेशातून सप्तशृंगगडावर पायी येणारे भाविक ऐन उन्हाळ्यात कित्येक दिवस चालतात, तर कोजागरीला कावडीधारक दूरदूरच्या नद्यांचे पाणी खांद्यावरून गडावर आणतात. या यात्रांना खेळ म्हणणे योग्य नाही, कारण त्यांत कोणी कोणाच्या पुढे जाऊ पाहत नाही. परंतु उन्हातील वाटचालीला पहाटे निघावे, पाणी थोडे थोडे घ्यावे, चढावर चाल आवरती ठेवावी हे व्यवहारज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, आणि आजचा कोणताही प्रशिक्षक नवख्या खेळाडूला प्रथम हेच शिकवितो.

या पायांना शर्यतीची वाट दाखविली ती विजेंदर सिंग या प्रशिक्षकांनी. त्यांनी नाशिकमध्ये घडविलेल्या धावपटूंमध्ये कविता राऊत हे नाव अग्रभागी आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावर वाढलेल्या कविताने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्य मिळविले, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. तिच्या मागोमाग संजीवनी जाधव आणि मोनिका आथरे यांनी लांब पल्ल्याच्या धावेत देशपातळीवर स्थान मिळविले. या मुली ज्या घरांतून आल्या तेथे डोक्यावर पाणी वाहणे आणि डोंगर चढणे हा रोजचा दिनक्रम होता. मात्र त्या दिनक्रमालाच यशाचे कारण ठरविणारी लोकप्रिय मांडणी अपुरी आहे, कारण तसेच कष्ट उपसणाऱ्या हजारो मुलींपर्यंत मैदान, बूट आणि जाणकार नजर पोहोचलीच नाही.

सायकलीचा इतिहास शहरी मध्यमवर्गाचा, त्यातही ठळकपणे डॉक्टर मंडळींचा आहे. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेले असून पश्चिमेकडे कसाऱ्याचा घाट काही किलोमीटरांतच कोकणाच्या पातळीकडे उतरतो. हाच तो थळ घाट, ज्यातून १८६५ साली रेल्वे इगतपुरीपर्यंत चढली आणि जेथे तिला सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र चढ घ्यावा लागला. त्र्यंबक रस्त्याची चढउतार, कसाऱ्याचा घाट आणि नांदुरीपासून सप्तशृंगगडापर्यंतचा सुमारे दहा किलोमीटरचा वळणावळणाचा चढ या तीन वाटा नाशिकच्या सायकलस्वारांच्या शाळा ठरल्या. नाशिक सायक्लिस्ट्स फाउंडेशनने पंढरपूरची सायकल वारी रूढ करून जुन्या पायवारीला चाकांची जोड दिली, तर ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोनशे ते सहाशे किलोमीटर अंतर ठरावीक मुदतीत स्वतःच्या भरवशावर पार करण्याच्या उपक्रमांनी रात्रभर सायकल चालविण्याची सवय लावली. या पायावर २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ होता. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लष्करी सेवेनिमित्त नाशिकमध्ये असलेले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ हे तीच शर्यत एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले, आणि त्यांच्यापाठोपाठ काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अंतिम रेषा गाठली.

तिसरे अंग पाण्याचे, आणि नाशिकच्या संदर्भात तेच सर्वांत अधिक विचार मागणारे आहे. गोदावरीकाठच्या या नगरात पोहणे ही कधीकाळी शिकवावी लागणारी विद्या नव्हती. रामकुंडाच्या परिसरातील कुंडांत मुले पोहायला शिकत, आणि पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर लागले यावरून पुराचे मान ठरविणाऱ्या या गावात पुलावरून पुरात उडी घेणारे पट्टीचे पोहणारे असत. ही परंपरा क्रीडाप्रकारात रूपांतरित झाली नाही. नदीचे पाणी सांडपाण्याने नासले, २००३ च्या सिंहस्थाआधीच्या कामांत पात्रातील अनेक प्राचीन कुंडे काँक्रीटखाली गेली, आणि वरच्या अंगाचे गंगापूर धरण हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रमुख साठा असल्याने तेथे वाटेल तेव्हा पोहण्याचा सराव करणे शक्य नव्हते. परिणामी पोहणे महापालिकेच्या स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावासारख्या बांधीव तलावांत शिरले, जेथे भिंत जवळ असते, तळ दिसतो आणि लाट नसते. नदीकाठच्या नगराने नदीतले पोहणे गमावले, ही हानी कोणत्याही पदकतालिकेत दिसत नाही आणि म्हणूनच तिची भरपाईही कोणी मागितली नाही.

कोल्हापूरशी तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. पंचगंगा, रंकाळा आणि तालमींचा वारसा असलेल्या, वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिक जलतरणपटू देणाऱ्या त्या शहरात राजाराम तलावाच्या काठी अर्ध-अंतराची ट्रायथलॉन भरू लागली, आणि तिच्या ‘बर्गमन ११३’ या नावातच किलोमीटरांची बेरीज आली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातील पहिली अधिकृत ७०.३ शर्यत झाली आणि मराठी मुलखातील हौशी खेळाडूंना परदेशवारी न करता या अंतराची कसोटी देता येऊ लागली. तोवर पुण्याचे कौस्तुभ राडकर यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी आणि २०१५ साली वयाच्या पन्नाशीत झुरिकची पूर्ण अंतराची शर्यत पुरी करणाऱ्या मिलिंद सोमण यांनी त्या वाटेचे आकर्षण निर्माण केलेले होते. याच दशकात नाशिकचे तत्कालीन पोलीस आयुक्त रवींद्र सिंगल यांनीही आयर्नमॅन पूर्ण केल्यामुळे शहरात या खेळाची चर्चा खेळाडूंच्या वर्तुळाबाहेर गेली.

नाशिकच्या खेळाडूला गोव्याची तयारी करताना जो प्रश्न पडतो तो मूलतः हवामानाचा आहे. स्नायू खर्च करीत असलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो आणि उरलेली उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. नाशिकच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी हवा कोरडी असल्याने घाम उडून जातो. किनाऱ्यावर तापमान त्याहून बरेच कमी असूनही दमट हवेत घाम अंगावरून नुसता निथळतो आणि शरीर थंड होत नाही. त्यातच वाट चढाची असेल तर उन्हाचा भार नुसता वाढत नाही, त्याचे स्वरूपच बदलते, कारण चढावर श्रम सर्वाधिक असताना वेग मंदावतो आणि अंगाला लागणारा वारा नेमका तेव्हाच नाहीसा होतो. उष्णतेची सवय सुमारे दहा ते चौदा दिवसांच्या नियमित सरावाने होते. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. परंतु कोरड्या उन्हात कमावलेली सवय दमट हवेत पुरतीच उपयोगी पडते असे नाही, म्हणून शर्यतीच्या काही दिवस आधी किनाऱ्यावर जाऊन राहणे इष्ट असते. याखेरीज सायकलीवरून उतरताच धावण्याचा जोडसराव, ज्याला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात, अनिवार्य असतो, कारण पेडल मारून आखडलेल्या मांड्यांना धावेची लय पुन्हा सापडायला वेळ लागतो. कसारा घाट चढून आल्यावर लगेच धावणे हा नाशिककरांना घरबसल्या मिळालेला असा सराव आहे. समुद्राच्या लाटेत दिशा धरून पोहण्याचा सराव मात्र त्यांना बाहेर शोधावा लागतो.

या सर्व तयारीला पैसा लागतो, आणि येथेच तीन इतिहासांमधील भिंत उघड दिसते. शर्यतीची सायकल, तलावाचे शुल्क, प्रवेशशुल्क आणि किनाऱ्यावरचा मुक्काम यांचा खर्च डॉक्टर, उद्योजक किंवा अधिकारी पेलू शकतो. हरसूल किंवा पेठच्या पाड्यावरची, धावेत त्या सर्वांना मागे टाकू शकणारी मुलगी तो पेलू शकत नाही. ही भिंत ओलांडल्याचे जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण ट्रायथलॉनबाहेरचे आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावातील, वडिलांसोबत विहिरी खोदण्याचे काम केलेला दत्तू भोकनळ २०१२ साली लष्करात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आल्यावर प्रथमच नौकानयनाकडे वळला, रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेराव्या क्रमांकावर आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन परतला. गोव्यातील पहिली ७०.३ शर्यत जिंकणारा बिश्वोर्जित सैखोम हाही लष्करातीलच होता. पगार, आहार, प्रशिक्षक आणि पाणी या चार गोष्टी एकाच छताखाली देणारी संस्था लष्कराबाहेर नाशिक जिल्ह्यात अद्याप उभी राहिलेली नाही. आदिवासी आश्रमशाळांतील धावपटू मुलांना आठवड्यातून काही तास महापालिकेच्या तलावात आणि सायकलस्वारांच्या संघटनांनी वापरात नसलेल्या सायकलींवर सराव करू देणे, एवढ्या मर्यादित गोष्टीनेही तिची सुरुवात होऊ शकते, कारण तलाव, सायकली आणि ती मुले हे तिन्ही जिल्ह्यात आजच उपलब्ध आहेत.