पत्राचे मोल कोणी द्यावयाचे?

पत्र पाठविणे ही एके काळी मोठ्या खर्चाची गोष्ट होती. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुणे प्रांत आणि कर्नाटक यांच्यामध्ये जी कागदपत्रे जात-येत असत, ती जासूद आणि काशीद यांच्या पायांवर अवलंबून होती. वाटेत नद्या होत्या, घाट होते, परक्यांच्या चौक्या होत्या. अशा वाटेने आलेले पत्र अकारण आलेले नसे. पाठविणाऱ्याने त्यासाठी माणूस आणि पैसा वेचलेला असे. म्हणूनच थैली उघडण्यापूर्वीच वाचणाऱ्यास ठाऊक असे की, आत काहीतरी कामाचे आहे.

त्याच बंगळुरात आज सकाळी कचेरीत येऊन संगणक उघडणाऱ्या माणसाची स्थिती नेमकी उलटी आहे. त्याच्या पुढ्यात पत्रांचा ढीग पडलेला असतो. कोणी त्याला न काढलेल्या सोडतीचे बक्षीस देऊ करतो. कोणी बँकेचे नाव घेऊन खाते बंद होणार असल्याची भीती घालतो. कोणी कर्ज देतो, कोणी औषध विकतो. या गर्दीतच कोठेतरी वरिष्ठांचा आदेश किंवा परदेशी असलेल्या मुलाचे चार ओळींचे पत्र दडलेले असते. या अनाहूत पत्रांना जगभर ‘स्पॅम’ म्हणतात. त्यांचा इतिहास हा वरवर यंत्रांचा इतिहास दिसतो. वस्तुतः तो एका जुन्याच प्रश्नाचा इतिहास आहे: पत्राचे मोल कोणी द्यावयाचे, धाडणाऱ्याने की घेणाऱ्याने?

हा प्रश्न प्रथम रीतसर विचारला तो इंग्लंडातील रोलंड हिल यांनी. त्या काळी तेथे टपालाचा आकार अंतरावर ठरे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. गरीब माणसास आप्तांचे पत्र सोडविणेही परवडत नसे. 1837 मध्ये हिल यांनी एक पुस्तिका लिहून सुचविले की, दर एकच असावा, तो अल्प असावा आणि पाठविणाऱ्याने तो आधीच भरावा. 1840 मध्ये इंग्लंडात एका पेनीचे तिकीट निघाले. हिंदुस्थानात 1 ऑक्टोबर 1854 पासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर कोठेही जाऊ लागले. तिकिटावाचून टाकलेल्या पत्राला दुप्पट आकार पडे. हेच आपल्याकडचे ‘नॉटपेड’ पत्र. पोस्टमन ते दारात आणी आणि घरधनी ते उलटसुलट करून पाही. अक्षर ओळखीचे नसले तर तो सरळ नकार देई. म्हैसूर संस्थानची ‘अंचे’ ही स्वतंत्र टपालव्यवस्था 1889 मध्ये सरकारी टपालात विलीन झाली, तेव्हा तिची प्रजाही याच नियमाखाली आली.

या व्यवस्थेत दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. धाडणाऱ्याला थोडी तरी झीज सोसावी लागे, आणि ती त्याने सोसली नाही तर घेणाऱ्याला नाकारण्याचा हक्क असे. जाहिरातबाज तेव्हाही होतेच. 1864 मध्ये लंडनमधील काही प्रतिष्ठितांच्या घरी अवेळी तार आली. तार म्हणजे अशुभ वार्ता असे समजून त्यांनी ती भीतभीत उघडली, तर आत एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वेळा होत्या! एका गृहस्थाने ‘टाइम्स’ पत्राकडे संतापाने तक्रार केली. परंतु तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून हा उपद्रव फैलावला नाही. नीतीने जे साधले नसते ते दरपत्रकाने साधले.

1971 मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडण्याची युक्ती काढली आणि हे दरपत्रकच नाहीसे झाले. ते जाळे लष्करी पैशाने उभारलेले, विद्वानांच्या उपयोगाचे होते. सारेच एकमेकांच्या परिचयाचे. त्यामुळे तिकीट नव्हते आणि तिकिटाची गरजही कोणास भासली नाही. तरी 1975 च्या नोव्हेंबरातच जॉन पोस्टेल या तज्ज्ञाने एका टिपणात लिहून ठेवले होते की, नको असलेले पत्र नाकारण्याची सोय या व्यवस्थेत नाही. तीन वर्षांनी, 3 मे 1978 रोजी, एका संगणक कंपनीचे विक्रेते गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात सुमारे 400 जणांना एकाच वेळी पाठविली. पत्ते त्यांनी छापील यादीतून घेतले होते. त्यांना समज देण्यात आली. परंतु यंत्रेही खपली. अनाहूत पत्रांच्या इतिहासातील ही पहिली नोंद, आणि पुढील सगळी कथा बीजरूपाने तिच्यात आहे.

1982 मध्ये पोस्टेल यांनीच ई-मेलच्या दळणवळणाचे नियम लिहिले. त्यांत एक उणीव राहिली. लिफाफ्याच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टाने ते न तपासता पुढे न्यावे, तशी ही रचना होती. मोल नाही आणि ओळखही नाही, अशी ती दुहेरी मोकळीक होती.

हिंदुस्थानात हे दळणवळण आले ते विद्यापीठांच्या द्वारे. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे जाळे उभारण्यास आरंभ केला. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था हे त्याचे प्रमुख घटक होते. परदेशची पत्रे मुंबईत जुहू येथून जात-येत. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांस इंटरनेट खुले केले. तेव्हाच्या 9.6 किलोबिट वेगाचा हिशेब मांडला तर 72 किलोबाइटचे एक पत्र उतरवून घेण्यास पुरे एक मिनिट लागे, आणि ते मिनिट टेलिफोनच्या बिलात धरले जाई. म्हणजे जाहिरात धाडणारा फुकट आणि ती घेणारा पैसे भरून मोकळा! दीडशे वर्षांपूर्वी मिटलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या खेपेस पोस्टमनला परत पाठविण्याची सोयही नव्हती.

पुढची मोठी घटना घडली ती बंगळुराशी नाते असलेल्या एका तरुणाच्या हातून. सबीर भाटिया यांचे शालेय शिक्षण पुणे आणि बंगळूर येथे झाले. 1988 मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी जॅक स्मिथ या सहकाऱ्यासह ‘हॉटमेल’ ही विनामूल्य ई-मेल सेवा काढून 4 जुलै 1996 रोजी ती सुरू केली. तोपर्यंत बहुधा ज्याला कचेरी किंवा विद्यापीठ पत्ता देईल त्यालाच पत्ता मिळे. आता कोणत्याही गावातील कोणताही मनुष्य, स्वतःचा संगणक नसला तरी, पत्त्याचा धनी होऊ शकला. दीड वर्षाच्या आत 80 लाखांहून अधिक लोक तिचे सभासद झाले, आणि 1997 च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने सुमारे 40 कोटी डॉलर देऊन ती विकत घेतली.

या यशाचे एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, आपणही असे विनामूल्य खाते उघडावे, अशी एक ओळ आपोआप जोडली जाई. पत्र मित्राचे, पण त्याच्या पाठीवर जाहिरात व्यवस्थेची! ती ओळ निरुपद्रवी होती आणि बहुतेकांना उपयुक्तच वाटली. परंतु जे दार सज्जनांसाठी विनामूल्य उघडते, ते दुर्जनांसाठीही तितकेच विनामूल्य उघडते. लबाडांनी आपल्या जाहिरातींवर हॉटमेलचे खोटे परतीचे पत्ते घातले. संतप्त लोकांच्या तक्रारी आणि परत आलेली पत्रे यांचा लोंढा हॉटमेलवर येऊन आदळला. 1998 च्या एप्रिलात कॅलिफोर्नियातील न्यायालयाकडून अशा धंदेवाल्यांविरुद्ध मनाईहुकूम मिळवावा लागला. ज्या सेवेने पत्राचे मोल शून्यावर आणले, तिलाच शून्याची किंमत मोजावी लागली.

हे लोक इतकी पत्रे धाडतात तरी कशासाठी? याचे उत्तर 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दिले. एका औषधविक्रीच्या मोहिमेत सुमारे 35 कोटी पत्रे गेली, तेव्हा खरेदीपर्यंत पोहोचलेली माणसे निघाली अवघी 28! पत्रास अर्धा आणा पडता, तर असा धंदा पहिल्याच दिवशी बुडाला असता. खर्च जवळजवळ नाही, म्हणूनच कोटीतून एकदोघे भुलले तरी भागते.

मग धाडणाऱ्याकडून मोल घ्यावे, हा विचार पुन्हा पुढे आला. 1992 मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या शास्त्रज्ञांनी सुचविले की, प्रत्येक पत्रामागे पाठविणाऱ्याच्या संगणकास एक छोटे गणित सोडविण्यास लावावे. एका पत्राला ते जाणवणार नाही; कोटी पत्रांना मात्र डोंगराएवढे होईल. ही रोलंड हिल यांच्या तिकिटाचीच नवी आवृत्ती होती. ती रूढ झाली नाही; कारण लबाड इसम दुसऱ्यांचे संगणक चोरून राबवितो, आणि दंड पडतो तो शेकडो सभासदांना सूचना धाडणाऱ्या प्रामाणिक संस्थेला. 2004 मध्ये बिल गेट्स यांनी दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही.

मोल घेता येत नाही, तेव्हा निवड करावयाची, असा दुसरा मार्ग निघाला. अठराव्या शतकातील थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचे संभाव्यतेचे गणित येथे कामी आले. कोणते शब्द अनाहूत पत्रांत अधिक येतात आणि कोणते कामाच्या पत्रांत, हे यंत्राने मोजावे व त्यावरून निवाडा करावा, ही पद्धत 1998 पासून पुढे आली आणि पॉल ग्रॅहम यांच्या 2002 मधील लेखाने लोकप्रिय झाली. वाचक एखादे पत्र नुसते पुसून न टाकता ‘स्पॅम’ म्हणून दाखवितो, तेव्हा तो यंत्राला धडाच देत असतो. परंतु चाळणीतून कोंड्याबरोबर कधी दाणाही जातो. नोकरीचे बोलावणे किंवा परीक्षेची सूचना त्या अडगळीत पडून राहिली, तर हानी होते ती निरपराध माणसाची. यास्तव अडगळीचा तो कप्पाही अधूनमधून पाहणे आवश्यक ठरते.

कायद्यानेही प्रयत्न केला. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66 अ हे कलम घालण्यात आले आणि ते 2009 मध्ये अमलात आले. त्याच्या एका पोटकलमात, त्रास देण्यासाठी किंवा उगमाविषयी फसविण्यासाठी ई-मेल धाडणे हा गुन्हा होता. उद्देश रास्त होता. शब्द मात्र सैल होते. त्याच कलमाखाली 2012 च्या नोव्हेंबरात पालघर येथे दोन तरुणींना केवळ मतप्रदर्शनासाठी अटक झाली आणि देशभर खळबळ उडाली. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संपूर्णपणे रद्द केले. अनाहूत पत्रांचे पोटकलमही त्याबरोबर गेले, आणि त्याच्या जागी ई-मेलपुरता स्वतंत्र कायदा झालेला नाही. उपद्रव आणि अप्रिय मत यांतील भेद सैल शब्दांनी पुसला जातो, हा धडा प्रशासनाने विसरू नये.

तरी 1982 ची ती जुनी उणीव हळूहळू भरून येत आहे. पत्र खरोखर त्याच ठिकाणाहून आले की नाही हे पडताळणाऱ्या मुद्रा आता वापरात आहेत. 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांवर त्या सक्तीच्या केल्या, आणि एका कळीने यादीतून नाव काढण्याची सोय ठेवण्यास भाग पाडले. नॉटपेड पत्र नाकारण्याचा घरधन्याचा जुना हक्क असा अंशतः परत मिळाला आहे. मात्र ही सोय ओळखीच्या संस्थेच्या पत्रापुरती वापरावी. अनोळखी लबाडाच्या पत्रातील कळ दाबणे म्हणजे पत्ता जिवंत असल्याची पावती देणे होय.

स्वस्त टपालाने गरिबाच्या घरी आप्तांचे पत्र पोहोचविले आणि विनामूल्य ई-मेलने ते समुद्रापलीकडून क्षणात आणले, हा लाभ लहान नाही. तो सोडून जासुदाच्या काळात परत जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोणतेही पत्र खरोखर फुकट नसते. धाडणाऱ्याने तिकीट लावले नाही, तर घेणारा ते आपल्या वेळाने, आपल्या लक्षाने आणि कधी आपल्या बँकेतील पैशाने भरतो. शहाजीराजांच्या जासुदाची थैली उघडताना वाचणाऱ्याचा जो विश्वास असे, तो टिकविण्याचे काम आता काही अंशी वाचणाऱ्याकडेच आले आहे. अनोळखी अक्षर पाहून नॉटपेड पत्र परत करणाऱ्या जुन्या घरधन्याची ती सवय अजूनही उपयोगी पडण्यासारखी आहे.