लघुमान रेल्वे इंजिनाच्या चॅसिसचा इतिहास : एक अभ्यास

प्रस्तावना

रेल्वेची प्रतिकृती पाहताना लक्ष साहजिकच इंजिनाच्या बाह्यरूपाकडे जाते. बॉयलर, धुरांडे, रंग, अक्षरे यांचे कौतुक होते. परंतु ज्याच्या बळावर ती प्रतिकृती धावते तो चॅसिस, म्हणजे मोटार, दंतचक्रे, आस व चाके धारण करणारा सांगाडा, दृष्टीआड राहतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनातही त्याची फारशी दखल घेतली जात नाही. प्रतिकृती किती लहान करता येईल, हे प्रामुख्याने त्या त्या काळी उपलब्ध असलेल्या मोटारीने ठरविले आणि कारखान्यांनी जे दिले नाही ते घरगुती कारागिरांनी घडविले, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

प्रमाणांचा संकोच

जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये लायपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची खेळण्यातील रेल्वे मांडली. त्या काळातील ४५ मि.मी. रुंदीच्या रुळांवरील इंजिनात किल्लीची कमान सहज सामावत असे. १९२२ मध्ये बिंग कंपनीची सुमारे १६ मि.मी. रुळांची टेबलावरील रेल्वे आली. १९३५ मध्ये ट्रिक्स व मेर्कलिन यांनी याच आकारात विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि लहान आकारात विद्युत मोटारीचे युग स्थिरावले.

ब्रिटनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील इंजिने युरोप खंडातील इंजिनांपेक्षा अरुंद व बुटकी असल्याने १:८७ या प्रमाणात तत्कालीन यंत्रणा त्यांच्या पोटात मावेना. म्हणून देहाचे प्रमाण १:७६ असे वाढविले गेले, रूळ मात्र १६.५ मि.मी.चेच राहिले. वास्तविक १४३५ मि.मी. रुळांसाठी या प्रमाणात सुमारे १८.८ मि.मी. अंतर हवे होते. मोटारीच्या आकारामुळे स्वीकारलेली ही तडजोड आजही टिकून आहे.

१९६० मध्ये ब्रिटनच्या लोन स्टार कंपनीने आणखी लहान इंजिने विजेवर चालविली. त्यांत मोटारीची गती चाकांपर्यंत नेण्यासाठी रबरी पट्टे वापरले होते. त्याच सुमारास जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने ९ मि.मी. रुळांची पद्धती रुजविली. १९६५ मध्ये जपानमध्ये कातो कंपनीचे या मापाचे इंजिन आले, तर १९७२ मध्ये मेर्कलिनने ६.५ मि.मी. रूळ व १:२२० प्रमाण बाजारात आणले.

लघुत्वाचे भौतिक प्रश्न

लांबी १६० पटींनी घटली की वजन १६० च्या घनाने घटते. १०० टनांच्या इंजिनाची १:१६० प्रतिकृती याच हिशेबाने केवळ सुमारे २४ ग्रॅम भरेल आणि १:२२० प्रमाणात ती १० ग्रॅमच्याही आत येईल. रुळावरील धुळीचा कण मात्र लहान होत नाही. वजन कमी पडल्यास चाकांची पकड सुटते, विजेचा संपर्क तुटतो आणि इंजिन अडखळते. म्हणूनच कारागीर चॅसिससाठी पितळ वापरतात आणि रिकाम्या जागी शिसे किंवा टंगस्टन भरतात.

दुसरा प्रश्न गतीचा. ताशी ८० कि.मी. वेगाने धावणाऱ्या, एक मीटर व्यासाच्या चाकांच्या इंजिनाची १:१६० प्रतिकृती घेतल्यास तिचे चाक मिनिटाला सुमारे ४२५ फेरे घेते. मोटार १२,००० फेरे घेत असेल, तर वर्म व दंतचक्रांच्या साहाय्याने ही गती सुमारे २८ पटींनी कमी करावी लागते. हे सर्व बोटाच्या पेराएवढ्या जागेत बसवायचे असते.

ब्रिटनमध्ये १९६० मध्ये स्थापन झालेल्या २ मि.मी. प्रमाणाच्या संघटनेच्या परंपरेत दुभंगलेल्या चॅसिसची युक्ती रूढ झाली. दोन धातूंच्या पट्ट्या परस्परांपासून विद्युतरोधित ठेवून प्रत्येक बाजूची वीज चाकातून थेट पट्टीत घेतली जाते. त्यामुळे चाकांवर घासणाऱ्या नाजूक तारा लागत नाहीत. पुढे गाभाविरहित मोटारी, १९८० च्या दशकातील निओडिमियम चुंबके आणि भ्रमणध्वनीत कंपनासाठी बसविलेल्या काही मिलिमीटर व्यासाच्या मोटारी यांमुळे कारागिरांना नवी साधने मिळाली. ३ मि.मी. रुळांच्या जपानी पद्धतीत तर पकड राखण्यासाठी चुंबकीय चाके व पोलादी रूळ योजावे लागले.

भारतीय संदर्भ

१८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावलेल्या गाडीपासून आपला मुख्य मार्ग १६७६ मि.मी. रुंदीचा आहे. १:८७ प्रमाणात त्यासाठी १९.३ मि.मी. रूळ हवेत. बाजारातील १६.५ मि.मी.चे चॅसिस १४३५ मि.मी. मार्गाच्या हिशेबाने बनलेले असतात. म्हणजे भारतीय इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्यापुढे ब्रिटिशांप्रमाणेच दोन पर्याय उरतात : अरुंद रूळ स्वीकारणे किंवा चॅसिस स्वतः घडविणे.

अरुंदमापी मार्गांची गोष्ट वेगळी आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग ७६२ मि.मी.चा होता. १:८७ प्रमाणात तो ८.८ मि.मी. होतो. त्यामुळे ९ मि.मी. रुळांसाठी बनलेला तयार लघु चॅसिस, चाकांची संख्या व अंतर जुळल्यास, बार्शीच्या इंजिनाच्या देहाखाली बसू शकतो. हा मार्ग एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला. त्यावरील जुनी गाडी पुन्हा धावताना पाहण्याचा एक मार्ग अशा चॅसिसमधून जातो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, लघुमान इंजिनाचा इतिहास हा केवळ खेळण्यांच्या कंपन्यांचा इतिहास नाही. चुंबक, मोटार व दंतचक्रे यांच्या प्रगतीचा आणि त्या प्रगतीला आपल्या गरजेप्रमाणे वळविणाऱ्या कारागिरांचा तो इतिहास आहे. संग्रहालयांत इंजिनाचे कवच जतन होते, परंतु चॅसिस बिघडल्यास तो बहुधा बदलला जातो आणि त्यासोबत एका काळाचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून प्रतिकृतींची नोंद करताना मोटारीचा प्रकार, दंतचक्रांचे गुणोत्तर व वीज घेण्याची पद्धत यांचीही नोंद व्हावी. इतिहासाच्या अभ्यासकाने इंजिन एकदा उलटे करून पाहणे अगत्याचे आहे.