दीडशे तबकड्यांची गोष्ट

जून २०१५ मध्ये सांता क्लाराच्या लीव्हाइज स्टेडियमवर ‘ग्रेटफुल डेड’ या सायकेडेलिक रॉक बँडच्या पन्नाशीचे दोन कार्यक्रम झाले. रंगीबेरंगी टी-शर्टांतल्या आजी-आजोबांची ती गर्दी पाहून मी सौ.ला म्हटलं, “ही तर यांची वारी!”

कुतूहलापोटी शोधलं, तर वारीचा उगम आपल्याच काउंटीतला निघाला. पालो आल्टोकडची ही पोरं, आधीचं नाव ‘वॉरलॉक्स’. नवं नाव घेऊन ती प्रथम वाजवायला बसली ४ डिसेंबर १९६५ ला, सॅन होजेतल्या एका घरात. त्या जागी आज सिटी हॉल आहे.

१९६६ मध्ये ‘स्कॉर्पिओ’ या छोट्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. एका बाजूला ‘स्टीलिन’, दुसरीकडे ‘डोन्ट ईझ मी इन’. दोन्ही जुनी, लोकांच्या तोंडची गाणी. प्रती सुमारे १५०! १९६७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सची एलपी आली आणि ही तबकडी मागे पडली. पण त्यांनी गाणं सोडलं नाही. १९८० च्या ‘गो टू हेवन’मध्ये ‘डोन्ट ईझ मी इन’ परत आलंच.

हे वाचून मला मात्र चुटपुट लागली. आमच्या इथल्या पहिल्या गणपतीतल्या आरत्यांची कॅसेट माझ्याकडे होती. घर बदलताना ‘खरखर फार आहे’ म्हणून मीच टाकून दिली. त्यातले तीन आवाज आता कुठेच ऐकू येणार नाहीत.

तुमच्या गराजमधल्या खोक्यात असं काही असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत टाकण्याआधी एकदा ऐका.