देहान्त शिक्षा : भारतातील निर्मूलनाचा प्रश्न

न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीचा राज्यसंस्थेने कायद्यानुसार प्राण घेणे, म्हणजे देहान्त शिक्षा होय. प्राचीन काळी ती बहुतेक सर्व समाजांत रूढ होती. चेझारे बेक्कारीआ या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये अपराध व शिक्षा यांवरील आपल्या ग्रंथात तिच्या उपयुक्ततेवर आक्षेप घेतला. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चितीमुळे गुन्ह्यास आळा बसतो, असे त्याचे प्रतिपादन होते. १७८६ मध्ये टस्कनीने ही शिक्षा रद्द केली.

भारतात १८६० च्या भारतीय दंड संहितेने खून व इतर काही गुन्ह्यांसाठी ती विहित केली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, देहान्त शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यात न्यायाधीशाने सौम्य शिक्षा दिल्यास त्याला तशी कारणे नमूद करावी लागत. म्हणजे फाशी हा नियम व जन्मठेप हा अपवाद होता. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन दूर झाले. १९७३ च्या संहितेने तर देहान्त शिक्षेसाठीच विशेष कारणे देणे आवश्यक ठरवून हा क्रम उलटा केला.

निर्मूलनाची मागणीही जुनी आहे. १९३१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात गयाप्रसाद सिंह यांनी आणू पाहिलेले विधेयक फेटाळले गेले. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये ही शिक्षा रद्द केली. परंतु पुढे भारतीय दंड संहिता तेथे लागू झाल्यावर ती पुन्हा आली. संविधान सभेत जून १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अहिंसेच्या परंपरेचा निर्देश करून निर्मूलनाला अनुकूल मत व्यक्त केले. विधी आयोगाने मात्र १९६७ च्या अहवालात देशाचा विस्तार, लोकसंख्येतील विविधता व शिक्षणातील विषमता लक्षात घेऊन ही शिक्षा चालू ठेवण्याची शिफारस केली. जरब, प्रतिशोधाची न्याय्य भावना आणि समाजाचे संरक्षण, ही समर्थकांची प्रमुख कारणे होत.

बचनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही शिक्षा घटनात्मक ठरविली. तथापि ‘दुर्मीळातल्या दुर्मीळ’ प्रकरणांपुरतीच ती मर्यादित केली. ही शिक्षा मनमानी ठरते, असे भिन्न मत न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी नोंदविले. पुढील अनुभवाने त्यांच्या शंकेला पुष्टी मिळाली. उत्तर प्रदेशातील एकाच गुन्ह्यात तिघांना देहान्त शिक्षा झाली होती. त्यांपैकी एकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने आजन्म कारावासात बदलली, दुसऱ्यास १९८१ मध्ये फाशी देण्यात आली आणि तिसऱ्यास दया दाखविण्याची शिफारस न्यायालयाने १९८२ मध्ये राष्ट्रपतींकडे केली. तिघांचा अपराध सारखाच असता एकाला प्राणास मुकावे लागले. २००९ मध्ये न्यायालयाने आपलाच १९९६ चा एक निवाडा बचनसिंग खटल्यातील तत्त्वाशी विसंगत ठरविला. तोपर्यंत त्यातील आरोपीस फाशी होऊन गेली होती. त्या निवाड्याचा आधार घेऊन इतरांनाही ही शिक्षा झाली असल्याने, चौदा निवृत्त न्यायाधीशांनी २०१२ मध्ये राष्ट्रपतींना पत्रे लिहून तेरा कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली.

महाराष्ट्रातील एका खटल्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांपैकी तिघांची देहान्त शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली; उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही ती दिली. पुनर्विचारान्ती २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रु. भरपाई देवविली. तोवर सुमारे सोळा वर्षे कारावासात गेली होती. ते जिवंत होते म्हणूनच चूक अंशतः का होईना सुधारता आली.

कारावासातील चुकीची काही भरपाई शक्य असते. फाशीनंतर ती अशक्य होते, हा निर्मूलनवाद्यांचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद आहे. आजन्म कारावासानेही समाजाचे संरक्षण साधते. शिवाय देहान्त शिक्षेची जरब त्याहून अधिक असते, हे सिद्ध झालेले नाही. वकिलाचा दर्जा आरोपीच्या सांपत्तिक स्थितीवर अवलंबून राहत असल्याने चुकीचा धोका गरिबांना अधिक संभवतो.

विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात आपली पूर्वीची भूमिका बदलून, दहशतवाद व राज्याविरुद्ध युद्ध यांसंबंधीचे गुन्हे वगळता इतरत्र ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत देहान्त शिक्षा कायम असून जमावाने केलेल्या विशिष्ट प्रकारच्या खुनांसाठीही तिची तरतूद आहे. जगातील दोनतृतीयांशांहून अधिक देशांनी मात्र कायद्याने वा व्यवहारात तिचा त्याग केला आहे.