ब्रुज : मध्ययुगातले, की मध्ययुगासारखे?

ब्रसेल्सहून रेल्वेने निघालेला प्रवासी तासाभरात ब्रुजला पोहोचतो. बेल्जियममधील हे शहर फार मोठे नाही. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. विटांची उंच, निमुळती घरे, कालव्यांवरचे दगडी पूल आणि मार्क्ट या मुख्य चौकातला ८३ मीटर उंच घंटामनोरा. येथे मध्ययुग जसेच्या तसे थांबले आहे, अशी पाहणाऱ्याची खात्री होते. या समजुतीत तथ्य आहे, पण निम्मेच.

ब्रुज समुद्रकाठी वसलेले नाही. इ. स. ११३४ च्या वादळाने किनारपट्टी फोडली आणि झ्विन नावाची खाडी शहराच्या दिशेने आत आली, असे मानले जाते. मोठी जहाजे खाडीवरच्या दाम किंवा स्लाइस या बंदरांत थांबत आणि तेथून माल लहान होड्यांनी शहरात येई. १२७७ मध्ये जेनोआची गलबते जिब्राल्टरला वळसा घालून थेट या किनाऱ्याला लागली; पुढे व्हेनिसचीही येऊ लागली. इंग्लंडची लोकर, बाल्टिककडचे मेण व केसाळ कातडी, भूमध्य समुद्राकडून आलेले मसाले असा सारा माल येथे एकत्र येई. फान डेर बुर्झे नावाच्या कुटुंबाच्या सराईसमोर व्यापारी जमत, हुंड्यांचे व्यवहार करत. शेअर बाजाराला फ्रेंच भाषेत आजही 'बुर्स' म्हणतात. त्या शब्दाचे मूळ या कुटुंबाच्या नावात असल्याचे सांगितले जाते.

मग हे वैभव गेले कसे? खाडी गाळाने भरली, हे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, परंतु अपुरे. गाळ दीर्घकाळ साचतच होता आणि शहर त्यातून वाट काढतच होते. निर्णायक घाव राजकारणाचा होता. १४८८ मध्ये संतप्त नागरिकांनी हाब्सबर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनलाच मार्क्टवरील क्रानेनबुर्ग या घरात कोंडून ठेवले. पीटर लांखाल्स या त्याच्या विश्वासू अधिकाऱ्याचा शिरच्छेद झाला. काही महिन्यांनी सुटका झालेला हा राजपुत्र पुढे सम्राटपदाला पोहोचला, आणि ब्रुजचा अपमान तो विसरला नाही. परदेशी व्यापाऱ्यांनी अँटवर्पला जावे, यासाठी त्याने आपले वजन खर्च केले. वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १५०१ मध्ये, पोर्तुगिजांनी भारतातून आणलेली मिरी या प्रदेशात उतरली, ती अँटवर्पलाच.

त्यानंतरची तीन शतके ब्रुजने ओसरत्या सावलीत काढली. जुनी घरे टिकली, कारण ती पाडून नवी बांधण्याइतका पैसा फारसा कोणाकडे नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील दारिद्र्य भीषण होते. हजारो स्त्रिया आणि लहान मुली तुटपुंज्या मजुरीवर लेस विणत असत. आज दुकानांच्या काचेआड मांडलेली लेस पाहताना हे सहसा कोणी सांगत नाही.

वॉटर्लूची रणभूमी पाहायला निघालेले इंग्रज प्रवासी वाटेत ब्रुजला थांबू लागले, काही तेथेच स्थायिक झाले. त्यांना या शहरात हरवलेले मध्ययुग दिसले. स्थानिक धुरिणांनाही ती दृष्टी भावली. १८७७ पासून नगरपालिका घरांच्या दर्शनी भागाच्या 'कलात्मक' दुरुस्तीसाठी अनुदान देऊ लागली. गिलावा खरवडून विटा उघड्या पडल्या, खिडक्यांना गॉथिक वळण मिळाले. कालव्यावरचा बोनिफासियस पूल छायाचित्रांत सर्वांत पुरातन भासतो, पण तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा!

याच काळात, १८९२ मध्ये, जॉर्ज रोडेनबाख याच्या फ्रेंच कादंबरीने ब्रुजला 'मृत' ठरवून कीर्ती दिली. नव्या बंदराची आस धरून बसलेल्या शहरवासीयांना ती कीर्ती कशी रुचावी? झेब्रुगचे बंदर १९०७ मध्ये सुरू झाले. मात्र जगाच्या मनात मृत शहरच राहिले. २००० मध्ये ऐतिहासिक केंद्राला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

खरे जुने असे पुष्कळ आहे. घंटामनोऱ्याचा पाया तेराव्या शतकातला. चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोची माता-बालक मूर्ती आहे. ती आधी फ्रेंचांनी, नंतर नाझींनी पळवली आणि दोन्ही वेळा परत आली. पण ज्या चर्चमध्ये यान फान आयक या थोर चित्रकाराचे दफन झाले, ते सेंट डोनाशियन चर्च १७९९ मध्ये फ्रेंच राजवटीत जमीनदोस्त झाले.

आणि मार्क्टच्या पूर्वेकडील भव्य गॉथिक वाडा? तो प्रांतिक प्रशासनासाठी बांधलेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तेथेच एके काळी 'वॉटरहाले' उभे होते : कालव्यावर बांधलेले प्रचंड कोठार, ज्याच्या छताखाली होड्या थेट आत शिरत आणि भर पावसातही माल कोरडा उतरे. ते १७८७ मध्ये पाडले गेले.